50 टनांचं गलबत, 33 इंचांत

[ठाणे, चेंदणी कोळीवाडा. ओहोटी लागलेली खाडी.]

ओहोटीला ठाण्याची खाडी अशी उघडी पडते. मधे पाण्याचा पट्टा, दोन्ही अंगांना चिखल. खोल बुडणारं जहाज इथे रुतलंच म्हणून समजा. मराठ्यांचं आरमार घडलं ते याच पाण्यात. त्या आरमारातल्या गलबताची, म्हणजे शिडाच्या आणि वल्ह्यांच्या हलक्या लढाऊ जहाजाची, ही लाकडी प्रतिकृती.

1657 साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि तिथे जहाजं बांधायला सुरुवात झाली. कल्याणहून समुद्र गाठायचा तर उल्हास नदीने खाली यायचं. पुढे वाटा दोनच. एक घोडबंदरवरून वसईकडे जाते, दुसरी ठाण्यावरून मुंबई बंदराकडे. दोन्हीकडे तेव्हा पोर्तुगीज बसलेले. रुई लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज जहाजकारागीर महाराजांच्या कामावर होता. 1659 मध्ये वसईच्या पोर्तुगीज कॅप्टनने त्याला फोडलं आणि तो आपल्या माणसांसह निघून गेला. जहाजबांधणी मात्र थांबली नाही.

[शेड. टेबलावर कागद, पट्टी, सागवानी पट्ट्या.]

देखाव्यांत, चित्ररथांवर मराठ्यांचं जहाज म्हणून बहुतेकदा उंच पिछाडीचं युरोपी जहाज उभं केलं जातं. गलबत तसं नव्हतं, हे इथे ठासून सांगायला हवं. 18व्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने त्याचं नेमकं वर्णन केलंय. सर्वांत मोठं गलबतही क्वचितच 70 टनांच्या वर जाई. डोलकाठ्या दोन, त्यातली मागची अगदी हलकी. मोठ्या काठीवर एकच भलंमोठं तिकोनी शीड, आणि चढवल्यावर त्याचं टोक काठीच्याही बरंच वर जाई. 40 ते 50 वल्ही, वल्ह्यांवर वेग ताशी 4 मैल. वरचा डेक बहुधा फोडलेल्या बांबूचा. फक्त सर्वांत मोठ्या गलबतांना पक्का डेक आणि त्यावर 6 ते 8 तोफा. इथे घेतलंय ते बांबूच्या डेकचं, 50 टनांचं.

आराखडा हाताशी नाही, मग माप काढायचं कसं? टन मोजायचं जुनं इंग्रजी सूत्र उलटं चालवायचं. हा टन जहाजाच्या वजनाचा नाही, त्यात माल किती मावेल याच्या अंदाजाचा. लांबीतून रुंदीचे तीन पंचमांश वजा करा, उरलं त्याला रुंदीने गुणा, मग अर्ध्या रुंदीने, आणि 94 ने भागा. 48 फूट लांबी आणि पावणेसोळा फूट रुंदी घातली की उत्तर 50 टनांच्या आसपास येतं. पण एका बाजूला 20 वल्ही बसवायचीत. दोन वल्हेकऱ्यांमध्ये 3 फूट तरी अंतर हवं, नाहीतर मागच्याचं वल्हं पुढच्याच्या पाठीत बसेल. म्हणजे 60 फूट नुसते वल्ह्यांनाच गेले. 48 फुटी गलबत तिथेच बाद. लांबी 66 फूट धरली तर तेच सूत्र रुंदी पावणेतेरा फुटांवर आणून ठेवतं. लांबी ठरवली ती वल्ह्यांनी.

प्रमाण 1:24, म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. अंग 33 इंच लांब, रुंदी सव्वासहा इंचांहून किंचित जास्त. नाळेचा, म्हणजे जहाजाच्या तोंडाचा, पुढे निघालेला भाग वेगळा, चार इंचांचा.

[कणा आणि फर्मे, जवळून.]

कणा, म्हणजे बुडातलं लांब मुख्य लाकूड, जुन्या सागवानाचा. पाडलेल्या घरांच्या चौकटी आणि वासे वखारीत मिळतात, आणि अशा कामाला त्याहून चांगलं लाकूड नाही, कारण ते पुरतं वाळलेलं असतं. कण्यावर दर दोन इंचांवर 6 मिलिमीटर मरीन प्लायचा एक फर्मा, म्हणजे जहाजाची आडवी फासळी. प्रत्येक फर्मा गुण्यात लावून काटकोनात चिकटवायचा. इथे एका मिलिमीटरची तिरपी गेली तर ती नंतर पट्ट्यांखाली झाकली जात नाही, उलट ठळक दिसते.

आता सगळ्यांत वेळखाऊ काम, पट्ट्या. सागाच्या 6 मिलिमीटर रुंद, 2 मिलिमीटर जाड. अर्धा तास गरम पाण्यात भिजवायच्या, तापलेल्या लोखंडी नळीवर वाकवायच्या आणि फर्म्यांना नुसत्या टाचून रात्रभर वाळू द्यायच्या. ओली पट्टी चिकटवली तर वाळताना आकसते आणि फट पडते. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत सागसुद्धा फुगतो, म्हणून हे काम दसऱ्यानंतरचं. आणखी एक गोष्ट: सागात अंगचं तेल असतं. या तेलामुळेच सागातले लोखंडी खिळे लवकर गंजत नाहीत, पण तेच तेल इपॉक्सी गोंदाला धरू देत नाही. चिकटवण्याआधी ॲसिटोनच्या बोळ्याने पट्टी पुसावीच लागते. पाहा, बोळा पिवळा झालाय.

मधल्या फर्म्यावर एका बाजूला 28 पट्ट्या बसतात. नाळेपाशी जागा त्याच्या निम्मी. त्यामुळे प्रत्येक पट्टी टोकाकडे 3 मिलिमीटरपर्यंत निमुळती करायची. त्याहून बारीक नको, टाचणी घेताना ती चिरते. जिथे तीही मावत नाही तिथे पट्टी मधेच संपवून शेजारच्या रुंद पट्टीत खाच पाडून बसवायची. टाचण्या पितळी, आणि त्यांना आधी 0.8 मिलिमीटरचं भोक. एक पट्टी डावीकडे, की पुढची उजवीकडे. एकाच बाजूच्या चार-पाच सलग ठोकल्या तर ओढीने कणा पिळतो, आणि पिळलेला कणा सरळ करायला काही उपाय नाही.

सुरत-मुंबईकडच्या मोठ्या जहाजांत फळ्यांच्या कडा एकमेकींत खाच पाडून बसवत, मधे कापूस आणि राळ भरत आणि बुडाला चुना-तेलाचा लेप देत. 2 मिलिमीटरच्या पट्टीत ती खाच पाडता येत नाही. इथे फटीत सुताचा दोरा आणि राळ आहे, लेप मात्र तोच.

[नाळ.]

ही नाळ नीट पाहा. गुराब या मोठ्या लढाऊ जहाजासारखीच गलबताचीही नाळ पुढे चोचीसारखी निघते आणि तिला कठडा नसतो. अशी नाळ लाटेत खाली बुडते. कठडा असता तर पाणी आत कोंडून राहिलं असतं आणि तोंड जड झालं असतं. कठडा नसल्यामुळे आलेलं पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून जातं. शोभेसाठी इथे नक्षीदार कठडा लावणारे आहेत. तो लावू नये. इथे आधी पुठ्ठ्याचा कठडा लावून चाचणी घेतलीय, आणि डावीकडच्या चौकटीत साचलेलं पाणी दिसतंय.

[बांबूचं काम.]

डेकसाठी बुरुडाकडून आणलेल्या कामट्या. तासून 1 मिलिमीटर जाड केलेल्या, सालीची बाजू वर. कोवळा बांबू घेऊ नये, तो आकसतो आणि त्याला भुंगा लवकर लागतो. कामट्या बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवायच्या, मग सुती दोऱ्याने आडव्या पट्ट्यांवर बांधायच्या. गोंद कुठेही नाही. असा डेक हलका राहतो, त्यामुळे वरचं वजन वाढत नाही, आणि पाणी फटींतून खाली उतरतं. वल्हीसुद्धा बांबूचीच. पोलादी पट्टीतल्या 4, साडेतीन आणि 3 मिलिमीटरच्या भोकांतून कामटी क्रमाने ओढली की गोल दांडा तयार होतो. वल्ह्याचा एक तृतीयांश भाग आत, बाकीचा बाहेर. 40 नग, सगळे एका वजनाचे हवेत.

शिडाचा तिरका वासा दोन तुकड्यांचा. मधे एकमेकांवर चढवून दोऱ्याने आवळलेला, खऱ्या वाशासारखाच. शीड मलमलीचं. मांजरपाट या मापाला जाड पडतो, वारा धरत नाही.

[उपवन तलाव, सकाळ.]

आता पाणी. मापं 24 पट लहान झाली की वजन 13,824 पट कमी होतं. आखलेल्या रेषेपर्यंत बुडायला या गलबताला सगळं मिळून तीन किलोच्या आतलं वजन पुरतं. अंगाचं वजन वजा जाता उरलेलं शिशाच्या पट्ट्यांचं, कण्याला चिकटून ठेवलेलं.

वारा मात्र लहान होत नाही. 24 चं वर्गमूळ 4.9. तलावावर ताशी 10 किलोमीटरची झुळूक असली तर या गलबताला ती ताशी 49 किलोमीटरच्या वाऱ्यासारखी लागते. हे पाहा, पूर्ण शीड चढवलं आणि वल्ह्यांच्या भोकांतून पाणी आत आलं. उपाय एकच: खाली सुटा कणा, त्याच्या तळाशी अर्धा किलो शिसं, आणि तेवढंच आतून कमी. कपाटात ठेवताना तो काढता येतो. शीड कापून लहान करू नये, गलबताची ओळखच ते शीड आहे.

दुसऱ्या फेरीत ते झुकलं आणि सावरलं. वळवताना तोंड वाऱ्यात घालायचं नाही. वासा काठीच्या एका अंगाला अडकतो. पाठीवर वारा घेऊन वळायचं, म्हणजे वासा काठीपुढून दुसऱ्या अंगाला नेता येतो.

[शेडबाहेर फायबरच्या होड्या.]

आज खाडीत बहुतेक होड्या फायबरच्या आहेत आणि लाकडी होडी बांधणारे सुतार कमी होत चाललेत. त्यांच्या हातातली ही मापं लिहून ठेवण्याचं काम आत्ताच करायला हवं.

[काचेचं कपाट.]

कपाटाच्या मागच्या बाजूला हवेची भोकं आहेत. बंद काचेत पावसाळ्यात बुरशी येते आणि शिडावर डाग पडतात. गलबत तीन आधारांवर ठेवलंय. दोनच आधार दिले तर वर्षा-दोन वर्षांत मधला कणा खाली वाकतो. शिसं आतून काढून घेतलंय. फर्म्यांचे कागदी साचे पूर्ण मापात कपाटाखालच्या खणात आहेत. कुणाला दुसरं गलबत बांधायचं असेल तर छाप घेऊन जावी, आणि आधी वल्ही मोजावीत.