गोरखगड : तोंड कातळाकडे

श्रोतेहो, नमस्कार. ठाण्याच्या माणसाला डोंगर म्हटलं की आधी येऊर आठवतं. आज मी तुम्हाला नेणार आहे ते आपल्याच जिल्ह्यात, पण पार पूर्वेला, मुरबाड तालुक्यातल्या गोरखगडावर. उंची सुमारे 650 मीटर. "लहान आहे गं मावशी, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी," असं म्हणून माझ्या भाच्यानं मला तिथं नेलं. लहान आहे हे खरंच. पण गोरखगडाचा सगळा तिखटपणा शेवटच्या टप्प्यात भरलाय, हे त्यानं मला सांगितलं नव्हतं.

कल्याणहून मुरबाड, तिथून म्हसा आणि मग देहरी. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, गुराढोरांची आणि घोंगड्यांची. तेव्हा गेलात तर गड बाजूला राहील आणि घोंगडी घेऊन परत याल. देहरीपासून वाट जंगलातून चढते, मग घसारा लागतो. बारीक मुरूम पायाखालून सरकतो आणि माणूस कारवीची काडी धरायला बघतो. ती धरू नका, तुमच्याआधी ती निसटते.

घसारा संपला की कातळ सुरू. इथं कुणीतरी छिन्नीनं पायऱ्या खोदल्यात आणि बाजूला हाताच्या बोटांसाठी खोबण्या. ज्यानं त्या खोदल्या त्याला माणसाचा हात कुठवर पोचतो ते नेमकं ठाऊक होतं. मी बुटकी, तरी माझीही बोटं बरोबर खोबणीत गेली. पावसाळ्यात याच पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि पाणी वाहतं, म्हणून तेव्हा या वाटेला जाऊच नये. हिवाळा बरा.

गडाच्या पोटात मोठी गुहा आहे, पाण्याची टाकी आहेत, गुहेपुढे चाफा आहे. समोर मच्छिंद्रगडाचा सुळका. शिष्याकडे पायऱ्यांनी जाता येतं, गुरूकडे मात्र दोराशिवाय जाता येत नाही, ही गंमत मला फार आवडली. ज्याला उंचीचं भय वाटतं त्यानं इथंच बसावं, डबा उघडावा. कमीपणा काही नाही.

पुढचा टप्पा मात्र उभा. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. चढताना नजर वरच्या पायरीवर असते, त्यामुळे भीती वाटत नाही. माथा एवढासा आहे, त्यावर महादेवाचं छोटं मंदिर आणि नंदी. आणि भोवती सह्याद्री! इकडे सिद्धगड, समोर आहुप्याचे कडे, जिथं कोकण संपून देश सुरू होतो, आणि हवा स्वच्छ असली तर नाणेघाट आणि जीवधन. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरात उतरलेला माल याच नाणेघाटातून जुन्नरकडे चढायचा. आपण एसटीनं आलो तरी दमतो, ते बैलांच्या पाठीवर गोणी लादून जात होते.

माझी फजिती झाली ती उतरताना. पहिल्याच पायरीवर खाली पाहिलं आणि पाय जागचा हलेना. भाचा खालून "मावशी, ये ना" म्हणतोय आणि मी नंदीशेजारी उभी! तेवढ्यात मागून देहरीचे एक गृहस्थ आले. म्हणाले, "ताई, शिडीवरून उतरता तशा उतरा. तोंड दगडाकडं करा, पाठ दरीकडं. एक पाय हलवायचा, बाकी तिन्ही जागेवर." पाठीवरची पिशवी कातळाला अडकून धक्का देत होती, ती त्यांनी काढून घेतली. मग उतरले बाई, पायानं खोबण चाचपत, एकेक पायरी. घामानं भिजले होते, पण उतरले.

जाणार असाल तर पाणी घरूनच न्या, दोन लिटर तरी. टाक्यांवर भिस्त ठेवू नका. अत्तर लावू नका आणि गुहेत धूर करू नका. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, आणि ती उठली तर त्या पायऱ्यांवर पळायला जागा नाही. सुट्टीच्या दिवशी गर्दी असली तर चढणाऱ्यांना आधी वाट द्या, घाई करणाऱ्यालाही द्या. आणि जातानाच कंडक्टरला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवा. आम्ही विचारली नव्हती. मुरबाडपर्यंत दुधाच्या टेम्पोतून आलो, किटल्यांच्या मध्ये बसून.