‘भुलीची ॲलर्जी’ म्हणजे नेमकी कशाची?

नमस्कार. सुरुवात तुमच्यापासूनच करते. ज्यांना एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे त्यांनी जरा हात वर करा. बरेच आहेत की! पण गंमत बघा, काही हात सरळ वर गेले आणि काही कोपरापर्यंत येऊन तिथेच घुटमळले. ‘आहे बहुतेक’, ‘लहानपणी काहीतरी झालं होतं म्हणे’, ‘आई सांगायची’. हे घुटमळणारे हात माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहेत. आज मला मुख्यतः त्यांच्याशीच बोलायचं आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे. शस्त्रक्रियेआधी आम्ही प्रत्येकाला विचारतो, ‘कशाची ॲलर्जी आहे का?’ उत्तर ‘हो’ आलं की पुढचे तीन प्रश्न असतात. कुठलं औषध? काय झालं होतं? दिल्यावर किती वेळाने झालं? बहुतेक वेळा तिन्ही प्रश्नांना उत्तर नसतं. फलकावर आजचा विषय ‘भूल देताना होणारी ॲलर्जी : बचाव कसा करावा’ असा लिहिला आहे. बचावाकडे मी येणारच आहे, पण त्याआधी माझी एक जुनी तक्रार तुमच्यासमोर मांडू द्या.

माझ्याकडे रुग्ण एक कागद घेऊन येतात. आधीच्या शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना दिलेला असतो. त्यावर एकच ओळ असते : ‘भुलीची ॲलर्जी. पुढे काळजी घ्यावी.’ झालं! आता मला सांगा, मी काय काळजी घेऊ? भूल म्हणजे काही एक औषध नव्हे. साधी संपूर्ण भूल द्यायची म्हटली तरी पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत शिरेतून झोपेचं औषध जातं, वेदना कमी करणारं जातं, स्नायू सैल करणारं जातं, अँटिबायोटिक जातं, उलटी होऊ नये म्हणून आणखी एखादं जातं. त्वचेला जंतुनाशक लागतं. लघवीची नळी घालताना जेल वापरतात, त्यातही जंतुनाशक असू शकतं. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत गाठीजवळच्या लसीकाग्रंथी शोधायला निळा रंग टोचतात. म्हणजे संशयित दहाबारा आहेत आणि कागदावर नाव एकाचंही नाही. मग एखादी बाई पित्ताशयातल्या खड्यांच्या कळा वर्षानुवर्षं सोसत राहते, कारण ‘मला भूल चालत नाही’ असं तिच्या मनात पक्कं बसलेलं असतं. तिला भूल चालते. त्यातलं एक औषध चालत नाही, आणि ते कोणतं हे शोधायचं कुणी मनावर घेतलेलं नाही. त्या एका ओळीचा मला मनापासून राग येतो. घाईत लिहिलेली ती ओळ त्या बाईला जन्मभर पुरते.

आता ॲलर्जीत नेमकं होतं काय ते सांगते. आपल्या त्वचेत, श्वासनळ्यांत, रक्तवाहिन्यांभोवती मास्ट पेशी असतात. त्यांच्या पोटात हिस्टामिनसारख्या रसायनांच्या पुटकुळ्या भरलेल्या असतात. पेशींच्या बाहेर आयजीई नावाची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, चिकटलेली असतात. नेमकं औषध त्या प्रतिपिंडांना येऊन भिडलं की सगळ्या पुटकुळ्या एकदम रिकाम्या होतात. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्तदाब कोसळतो, श्वासनळ्या आवळतात. यालाच ॲनाफिलॅक्सिस म्हणतात.

घरी एखादी गोळी घेतल्यावर असं झालं तर माणूस सांगतो तरी. ‘तळवे खाजताहेत, घसा आवळतोय, कसंतरीच होतंय.’ ऑपरेशन टेबलावरचा माणूस झोपलेला असतो. अंगावर हिरवी चादर, त्वचा दिसत नाही. रक्तदाब उतरला तर झोपेच्या औषधानेही तो उतरतोच, रक्तस्रावानेही उतरतो. अनेकांना वाटतं, अंगावर पित्त उठेल, लालचट्टे दिसतील, मग कळेल. पण रक्तदाब फार खाली गेला की त्वचेला रक्तच पोचत नाही, आणि रक्त नाही तर चट्टे कुठून उठणार? रुग्ण सावरायला लागला, रक्त परत फिरायला लागलं, की मग अंगभर गांधी येतात. म्हणून आम्ही चट्ट्यांची वाट बघत बसत नाही. कारण न सापडता रक्तदाब पडला, श्वासाची पिशवी दाबायला जड लागायला लागली, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड अचानक घसरला, की पहिला संशय हाच घ्यायचा.

घाबरू नका, हे वारंवार होत नाही. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ ॲनेस्थेटिस्ट्सने देशभरातल्या सरकारी रुग्णालयांतून वर्षभर अशा घटना गोळा केल्या. ‘नॅप-6’ नावाचा तो अहवाल 2018 मध्ये आला. गंभीर ॲनाफिलॅक्सिसचं प्रमाण निघालं साधारण दहा हजार भुलींमागे एक. तपासलेल्या 266 रुग्णांपैकी दहा जण दगावले, बाकीचे वाचले. कारण सापडलं त्यात पहिला नंबर अँटिबायोटिक्सचा, जवळजवळ निम्मे. दुसरा स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा, सुमारे एक तृतीयांश. मग क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक आणि निळा रंग. एके काळी रबरी हातमोज्यांतल्या लेटेक्सची केवढी धास्ती होती! त्या वर्षभरात लेटेक्सची एकही घटना नोंदली गेली नाही. लेटेक्सचा वापर कमी केला आणि धोका ओसरला. कारण नेमकं कळलं की काय करता येतं त्याचं हे उदाहरण.

आता थोडी माझी आवडती गोष्ट. 1901 साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या जहाजावरून समुद्रावर गेले. दंश करणाऱ्या समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करायला. परतल्यावर त्यांनी कुत्र्यांना समुद्रफूल नावाच्या जीवाचं विष थोडं थोडं टोचून पाहिलं. सवयीने प्रतिकारशक्ती येईल ही अपेक्षा. नेपच्यून नावाचा दणकट कुत्रा पहिल्या डोसातून सहज बाहेर आला. तीन आठवड्यांनी त्याला पुन्हा तेच दिलं आणि अर्ध्या तासाच्या आत तो मेला. पहिल्या भेटीने संरक्षण मिळण्याऐवजी शरीर उलट हळवं होऊन बसलं होतं. या कामासाठी रिशेंना 1913 चं नोबेल मिळालं. तेव्हापासून सगळे शिकले की ॲलर्जी पहिल्या भेटीत होत नाही, शरीराची आधी ओळख झालेली लागते.

आणि इथेच आम्ही भूलतज्ज्ञ अडलो. स्नायू सैल करणाऱ्या औषधांची तीव्र ॲलर्जी अशा अनेकांना होते ज्यांनी आयुष्यात कधी भूल घेतलेली नाही. ही औषधं दुकानात मिळत नाहीत, शस्त्रक्रियेबाहेर कुणी घेत नाही. मग शरीराला त्यांची ओळख झाली कुठे?

ऑस्ट्रेलियात 1983 च्या सुमारास एक धागा सापडला. प्रतिपिंडं या औषधाचा अख्खा रेणू ओळखत नव्हती, तर त्याच्या टोकाचा अमोनियम गट ओळखत होती. तसा गट साबणात, शाम्पूत, सौंदर्यप्रसाधनांत, कितीतरी औषधांत असतो. म्हणजे ओळख भलत्याच ठिकाणी झालेली असू शकते. पण नक्की कुठे?

उत्तर मिळालं नॉर्वे आणि स्वीडनच्या तुलनेत. शेजारी देश, राहणीमान सारखं, भूल द्यायची पद्धतही सारखी. तरी नॉर्वेत या ॲलर्जीच्या नोंदी स्वीडनच्या कितीतरी पट. फ्लोरवॉग आणि योहान्सन या दोघा संशोधकांनी याचा पिच्छा पुरवला. (योहान्सन म्हणजे आयजीई शोधून काढणाऱ्यांपैकीच एक, त्यामुळे चिकाटी त्यांच्या अंगातच होती.) त्यांनी दोन्हीकडच्या लोकांचं रक्त तपासलं. नॉर्वेतल्या काही निरोगी रक्तदात्यांमध्येही या औषधांना चिकटणारी प्रतिपिंडं निघाली, स्वीडनमध्ये नाही. मग घराघरांतल्या वस्तू ताडून पाहिल्या. बाकी सगळं दोन्हीकडे सारखं. फरक एकाचा निघाला, खोकल्याच्या औषधाचा! नॉर्वेत फोलकोडिन असलेलं खोकल्याचं औषध सर्रास घेत होते, स्वीडनच्या बाजारात तेव्हा ते नव्हतं.

थांबा, गोष्ट अजून आहे. ज्यांच्या रक्तात आधीच थोडी प्रतिपिंडं होती अशांनी ते औषध काही दिवस घेतलं, तर प्रतिपिंडं भराभर वाढली. 2007 मध्ये नॉर्वेने ते औषध बाजारातून काढलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथल्या लोकांच्या रक्तातली ती प्रतिपिंडं उतरत गेली आणि टेबलावरच्या घटनांच्या नोंदीही कमी झाल्या. मला हे वाचताना अंगावर काटा आला होता. कुणीतरी खोकला झाला म्हणून दोन चमचे औषध घेतं आणि त्याचा परिणाम काही महिन्यांनी ऑपरेशन टेबलावर दिसतो. ही दोन टोकं जुळवणारी माणसं काय तयारीची असतील! इतर देशांना पटायला मात्र वेळ लागला. युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2011 मध्ये ‘पुरावा अपुरा आहे’ म्हणून आणखी अभ्यास करायला सांगितलं. फ्रान्समधला तो अभ्यास पूर्ण झाल्यावर डिसेंबर 2022 मध्ये तिने ही औषधं मागे घ्यायची शिफारस केली. 2023 मध्ये ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियानेही ती काढली. आणि या सगळ्याची सुरुवात कशात होती? नॉर्वेतल्या डॉक्टरांनी प्रत्येक घटनेत औषधाचं नाव लिहिलं होतं आणि रक्ताचे नमुने जपले होते. ‘भुलीची ॲलर्जी, काळजी घ्यावी’ एवढंच लिहिलं असतं तर काय ताडून बघणार होते?

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिली. म्हणजे बचावाचं सगळं आता भराभर सांगावं लागणार.

टेबलावरचा उपचार ॲड्रिनलिन. शिरेतून, मोठ्या माणसाला 50 मायक्रोग्रॅमने सुरुवात, लागेल तसं पुन्हा. सोबत भरपूर सलाईन. वरचा रक्तदाब 50 च्या खाली गेला तर हृदय चालू असलं तरी छाती दाबायला सुरुवात करावी, असं नॅप-6 सांगतो. स्टिरॉइड, ॲव्हिल ही नंतरची औषधं. त्यांच्यापायी ॲड्रिनलिनला उशीर व्हायला नको.

मग पुरावा. मास्ट पेशी फुटल्या की त्यांच्यातलं ट्रिप्टेज नावाचं रसायन रक्तात वाढतं. रुग्ण स्थिरावताच एक नमुना, पहिल्या एक-दोन तासांत दुसरा, आणि चोवीस तासांनंतर तिसरा, तुलनेसाठी. हे नमुने त्याच दिवशी घेतले नाहीत तर ती संधी गेली. त्यानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी ॲलर्जीतज्ज्ञाकडे त्वचेच्या चाचण्या. त्या दिवशी अंगात गेलेल्या आणि अंगाला लागलेल्या प्रत्येक गोष्टीची चाचणी व्हायला हवी, जंतुनाशकासकट. कोणतं बाधलं तेवढंच शोधून थांबायचं नाही, पुढच्या वेळी कोणतं चालेल तेही लिहून घ्यायचं.

‘आधी थोडंसं टेस्ट डोस देऊन बघा’ असा आग्रह नातेवाईक धरतात. थोड्या मात्रेनेही पूर्ण झटका येऊ शकतो, आणि काही झालं नाही म्हणजे पुढेही होणार नाही असं नाही. त्यापेक्षा अँटिबायोटिक भुलीच्या काही मिनिटं आधी, रुग्ण जागा असताना द्यावं. झालंच काही तर तो बोलू शकतो, आणि दोषी कोण हेही लगेच कळतं.

आता घुटमळणाऱ्या हातांसाठी. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्यांची नीट चाचणी केली तर दहापैकी नऊहून जास्त जणांना ती निघत नाही. मळमळ, जुलाब, तापात आलेलं पुरळ यांचीच तेव्हा ॲलर्जी म्हणून नोंद झालेली असते. त्याने बिघडतं काय? ‘पेनिसिलिन नको’ म्हणून टायकोप्लॅनिन दिलं जातं, आणि नॅप-6 मध्ये ॲनाफिलॅक्सिसचं सर्वांत जास्त प्रमाण असलेलं अँटिबायोटिक तेच होतं. दाताच्या इंजेक्शननंतर छाती धडधडली, ती बहुधा त्या इंजेक्शनमधल्या ॲड्रिनलिनमुळे किंवा भीतीने. बधिर करणाऱ्या औषधाची खरी ॲलर्जी फार विरळ. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांना प्रोपोफॉल हे झोपेचं औषध चालतं. त्यात बलकातलं लेसिथिन असतं, आणि अंड्याची ॲलर्जी सहसा पांढऱ्यातल्या प्रथिनांची. पण हे सगळं स्वतःच ठरवून औषध घेऊ नका, तपासून घ्या. ज्याला खरंच झटका आला होता, त्याच्या बाबतीत चाचणीशिवाय नोंद खोडायची नाही.

आणि कागद मागा. तुम्हाला किंवा घरच्यांना टेबलावर काही झालं असेल तर भुलीच्या नोंदीची प्रत मागा. ती तुमची आहे. त्यात दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव आणि वेळ असते. काय झालं, किती मिनिटांनी झालं, ट्रिप्टेज किती आलं, चाचणीत काय निघालं, हे त्यासोबत लावा. मोबाइलमध्ये फोटो ठेवा आणि घरात आणखी एकाला माहीत असू द्या. अपघातानंतर तुम्ही बेशुद्ध असाल तेव्हा सांगणारं कुणी हवं.

एक प्रश्न हमखास येतो म्हणून आत्ताच उत्तर देते. ‘आईला झालं होतं, मुलाचीही चाचणी करायची का?’ औषधाच्या ॲलर्जीसाठी सहसा नाही. पण आईला झालं ते खरंच ॲलर्जी होती का, हे आधी बघा. भुलीत अंग ताठरलं, ताप भयंकर चढला, असं घडलं असेल तर तो मॅलिग्नंट हायपरथर्मिया, म्हणजे भुलीच्या काही औषधांनी उसळणारा विकार, असू शकतो. शस्त्रक्रिया संपूनही तासन्‌तास हातपाय हलेनात, श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं, तर सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध मोडणारं विकर (एन्झाइम) शरीरात कमी असू शकतं. घरात या दोन्ही गोष्टी ‘भुलीची ॲलर्जी’ म्हणूनच सांगितल्या जातात. त्या ॲलर्जी नाहीत, आनुवंशिक आहेत, आणि तिथे मात्र मुलांना, भावंडांना कळायलाच हवं. आज घरी गेल्यावर मोठ्या माणसांना विचारा, तेव्हा नक्की काय झालं होतं. प्रश्न असतील तर मी इथेच खाली थांबते आहे. जुने कागद आणले असतील तर तेही दाखवा.