फाल्गुनरावाने हसवायला जाऊ नये

मंडळी, 'संगीत संशयकल्लोळ' हे नाटक बसवायला घेतलं की सगळे आधी विचारतात, नायिका रेवती कोण गाणार? मी आधी फाल्गुनराव शोधतो. आपण विनोदी काम करतोय हे ज्याच्या चेहऱ्यावर दिसतं, तो नट या भूमिकेला चालत नाही. बायकोवरचा संशय त्याला मनापासून खरा वाटला पाहिजे. त्याची तगमग खरी असली तरच प्रेक्षक हसतो.

गोविंद बल्लाळ देवलांनी हे कथानक आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून घेतलं, आणि त्याचं मूळ मोलिएरपर्यंत जातं. आधी ते गद्य होतं. पदांसकट ते गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली रंगभूमीवर आणलं. त्याच वर्षी जूनमध्ये देवल गेले. बालगंधर्व रेवती करत, गणपतराव बोडस फाल्गुनराव. या मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता, म्हणून बडोद्यात हे नाटक करताना मला विशेष जबाबदारी वाटते.

सगळा घोटाळा एका तसबिरीवर उभा आहे. रेवतीला भर रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि नेमकं तेच त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर मग कृत्तिकेला सापडते, आणि ती निरखत असताना नवरा तिला बघतो. तालमीत आम्ही ही तसबीर बदलत गेलो. लहान असली तर मागच्या रांगांना दिसेना. मोठी केली तर ती नकळत हातून पडली हे पटेना. शेवटी तळहाताएवढी, पितळी चौकटीची केली. चौकटीवर उजेड चमकतो आणि ती कोणाच्या हातात आहे ते शेवटच्या रांगेलाही कळतं.

आमची मुलं दिवसभर गुजरातीत बोलतात. त्यांच्याकडून 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च वेगळा काढून घ्यायला वेळ लागतो. तो दिलाच पाहिजे. देवलांचे संवाद घरात बोलावं तसे आहेत, उच्चार अडखळला की सगळी लय जाते.

आता पदं. रात्रभर बसणारा प्रेक्षक आज नाही, म्हणून काहीजण पदंच गाळतात. मला ते पटत नाही. पद ठेवा, ताना आवरा. ऑर्गनवाल्याने शेवटच्या वाक्याखालीच हलका सूर धरावा आणि नटाने ते वाक्य त्या सुराच्या जवळ आणून संपवावं, म्हणजे बोलणं कुठे थांबलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते जाणवत नाही. याची तालीम ऑर्गनवाल्याला समोर बसवूनच करावी लागते. मोबाइलवरच्या सुरावर ती होत नाही.

वन्स मोअर आला तर जरूर द्या, एका कडव्याचा. पण गाणाऱ्याने तोंड समोरच्या पात्राकडेच ठेवायचं, प्रेक्षकांकडे वळायचं नाही. अश्विनशेठ रेवतीवर रागावलेला असेल, तर दुसऱ्यांदाही त्याने रागावूनच गायला हवं.