सीसीत साहेब

(दृश्य: ऑफिस, दुपार. प्रिंटरवर साचलेले कागद.)

नरिमन पॉइंट, अकरावा मजला. पर्चेसच्या टेबलापासून अकाउंट्सचं टेबल आठ पावलांवर. मध्ये फक्त हा प्रिंटर. तेवढ्या आठ पावलांत, एका अडकलेल्या बिलावरून, सकाळपासून सात मेल झालेत. सातव्यात एवढंच: 'काइंडली एक्सपेडाइट.' म्हणजे, जरा लवकर उरका. आणि सीसीत साहेब.

सीसी म्हणजे कार्बन कॉपी, मेलची तिसऱ्याला धाडलेली प्रत. टाइपरायटरवर दोन कागदांमध्ये कार्बन घालून फोर्टातल्या क्लार्कांनी वर्षानुवर्षं प्रती काढल्या. कार्बन गेला, सीसी राहिला, आणि आता धाक दाखवायच्या कामी येतो.

नेटवर्कवरचा पहिला ई-मेलही तसा फार लांब गेला नव्हता. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी तो पाठवला, तेव्हा दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांशेजारीच होते!

पण मजकूर पोचला तरी सूर वाटेत सांडतो. २००५ मध्ये जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. आपण टोमणा मारतोय की मनापासून बोलतोय, हे समोरच्याला शंभरात ७८ वेळा कळेल, अशी मेल लिहिणाऱ्यांची खात्री. कळलं ५६ वेळा. नाणं उडवलं असतं तरी पन्नासेक वेळा बरोबर आलं असतं. आवाजात ऐकवल्यावर आकडा ७३ वर गेला.

आपल्याकडे तर एकट्या 'बघतो'चेच अर्थ किती! 'करून टाकतो', 'जमणार नाही', आणि 'तुला बघतोच'. कानाला लगेच कळतं. स्क्रीनवर तिन्ही सारखेच.

(दृश्य: बिल्डिंगखालची टपरी. पर्चेसवाला आणि अकाउंट्सच्या मॅडम. दोन कटिंग.)

"मॅडम, बिल का अडकवलंत?"

"अडकवलं कुठे रे? बिल तीस खुर्च्यांचं, आल्या अठ्ठावीस. दोन खुर्च्यांचे पैसे वजा केल्याची क्रेडिट नोट मागव, आजच पेमेंट सोडते."

ग्लास रिकामे व्हायच्या आत विषय मिटला. हेच म्हणे चौथ्या मेलमध्ये लिहिलं होतं, अ‍ॅटॅचमेंटच्या पोटात. ते उघडतो कोण?

तरी वर गेल्यावर मॅडम आठवा मेल टाकतातच: 'अ‍ॅज डिस्कस्ड…' आणि त्यांचं बरोबर आहे. उद्या ऑडिटर आला, तर त्याला टपरीवरचं बोलणं कुठून काढून दाखवायचं?

इतक्यात साहेबांचं उत्तर येतं. सातव्या मेलला. दोनच शब्द.

'प्लीज डिस्कस.'