स्वप्नात किडे-मुंग्या? अर्थ नंतर, आधी अंथरूण झटका

(पडवीत बसून, थेट कॅमेऱ्याकडे. समोर शंभर पानी वही, पेन्सिल, लहान बॅटरी.)

नमस्कार. स्वप्नात काळ्या मुंग्यांची रांग दिसली तर पैसा येणार, झुरळ दिसलं तर दुखणं, माशी दिसली तर बदनामी, असे तक्ते मोबाइलवर फिरत असतात. ते बाजूला ठेवा. मुंगी कुठे होती, काय करत होती आणि त्या रात्री तुमच्या अंगात, अंथरुणात नि अंगणात काय चाललं होतं, यावरून अर्थ लावायचा असतो. त्यासाठी चाळण्या लागतात, आणि बरीच स्वप्नं पहिल्या दोन चाळण्यांतच गळून पडतात.

सुरुवात मिरगापासून करू. कोकणात पहिला जोराचा पाऊस पडून गेला की संध्याकाळी जमिनीतून पंखवाली वाळवी उठते. पडवीतल्या बल्बभोवती अशी झुंबड, की ताटात, तांब्यात, मानेवर, केसांत तीच. मग बाकीचे दिवे मालवायचे आणि एकाच दिव्याखाली पाण्याची परात ठेवायची. सकाळी खळ्यात पंखांचा थर पडलेला असतो. केर काढायला जावं तर केरसुणीच्या वाऱ्यानेच पंख पुढे पळतात. अशा रात्री तोंडात पंख अडकल्याचं स्वप्न पडलं, तर त्यात गूढ शोधायचं कशाला? संध्याकाळी डोळ्यांनी पाहिलं, ते रात्री परत आलं.

हे काही आजचं शहाणपण नाही. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात, पाचव्या अध्यायात, स्वप्नांचे 7 प्रकार दिलेत. दृष्ट म्हणजे पाहिलेलं, श्रुत म्हणजे ऐकलेलं, मग अनुभूत, प्रार्थित म्हणजे मनापासून हवं असलेलं, कल्पित म्हणजे मनाने रचलेलं, भाविक म्हणजे पुढची सूचना देणारं, आणि दोषज म्हणजे वात-पित्त-कफ बिघडल्याने पडणारं. यातले पहिले 5 निष्फळ, असं तिथे सरळ म्हटलंय. दिवसाच्या झोपेतलं, फार लांबलेलं आणि अगदीच तोकडं स्वप्नही निष्फळ. म्हणजे स्वप्नाला फळ असतं असं मानणाऱ्या वैद्यानेसुद्धा बहुतेक माल आधी बाजूला काढला. तक्तेवाले तेवढेही कष्ट घेत नाहीत.

आता पहिली चाळण, अंग. हातावर डोकं ठेवून झोपलात, हात बधिर झाला, तर आपण मराठीत काय म्हणतो? हाताला मुंग्या आल्या. झोपेतल्या मेंदूला ही संवेदना मिळते आणि शब्द तर तयारच असतो. त्यामुळे मुंग्यांच्या स्वप्नातून जाग आली की आधी बोटं हलवून बघा. पोटऱ्यांत रोज संध्याकाळी वळवळ होत असेल, पाय हलवल्यावर बरं वाटत असेल, तर ते स्वप्नफळ नव्हे. डॉक्टरांना दाखवा, रक्तातलं लोह तपासून घ्या, कारण लोह कमी असलं तरी असं होऊ शकतं. खरजेची खाज रात्री वाढते. लहान मूल झोपेत चुळबुळत असेल, मागे खाजवत असेल, तर जंत झालेत का बघा.

दुसरी चाळण अंथरूण. मच्छरदाणीचा पदर गालाला लागतो, पंख्याच्या वाऱ्याने अंगावरचे केस हलतात, कौलांतून बारीक भुसा गळतो. गादीच्या शिवणीत आणि पलंगाच्या सांध्यात बॅटरी मारा. काळपट-तांबूस ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. अर्थ सापडला, पुढच्या चाळण्यांची गरज नाही.

(वही हातात घेऊन.)

या दोन्हींतून जे स्वप्न उरेल, ते लिहायचं. जाग आली की कूस बदलू नका. मिनिटभर डोळे मिटून शेवटचं चित्र धरा आणि तिथून मागे मागे जा. मग अंधुक उजेडात पेन्सिलीने लिहा. पेन उताण्या झोपलेल्या माणसाला दगा देतं, म्हणून पेन्सिल. किडा कोणता, एक की अनेक, काय करत होता, मी काय केलं, मनात काय आलं: भीती, किळस, कौतुक की काहीच नाही. शेवटी वेळ आणि रात्रीचं जेवण. पाच-सहा ओळी पुरे.

चूक बहुधा इथेच होते. वेळ बघायला मोबाइल उचलला, एक मेसेज वाचला की स्वप्न गेलं. किंवा आधी घरात सांगून टाकलं. सांगताना माणूस गोष्ट नीट जुळवतो, मधली भोकं बुजवतो, आणि मग वहीत स्वप्न उतरत नाही, सांगितलेली गोष्ट उतरते. आणि आधी अर्थ शोधून नंतर लिहिलंत, तर तीन मुंग्यांची फौज झालीच म्हणून समजा.

पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात. झोपेचं एक चक्र साधारण 90 मिनिटांचं असतं आणि स्वप्नाळू टप्पा पहाटेकडे लांबत जातो. त्यातूनच जाग येते म्हणून ते स्वप्न ठळक आठवतं. ठळक आहे म्हणून ते खरं वाटतं, इतकंच. त्याच टप्प्यात हातापायांचे स्नायू शरीर ढिले सोडून देतं. गोम अंगावर चढतेय आणि हात उचलतच नाही, असं झालं तर ती करणीही नाही नि देवचारही नाही.

आता खरा गाभा. किड्याचं नाव बाजूला ठेवा, त्याचं क्रियापद बघा. आपली भाषा हे काम आधीच करून बसलीय. डोक्याला भुंगा लागतो, म्हणजे एकच काळजी गुणगुणत राहते. अंगावरचं झुरळ झटकावं तसं आपण माणूस किंवा आळ झटकून टाकतो. वाळवी आतून पोखरते, वरून सगळं शाबूत. एका वाक्यावरून मोहोळ उठतं आणि भलत्यालाच डसतं. जोरात टोला बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, आणि मुंगीला पंख फुटले म्हणजे कुणीतरी आपली पायरी सोडून उडायला लागलाय. मराठी माणसाचं स्वप्न याच शब्दांतून विणलं जातं. म्हणून वहीतलं क्रियापद घ्या आणि स्वतःला विचारा, गेल्या आठ दिवसांत हे माझ्या बाबतीत कुठे घडलं? उत्तर पहिल्या दमात आलं तर घ्या. ओढूनताणून आणावं लागलं तर पान उलटा.

मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडने स्वप्नातले लहान किडे म्हणजे लहान मुलं, नकोशी भावंडं, असा अर्थ लावला होता. व्हिएन्नातल्या त्याच्या रुग्णांना तो लागू पडलाही असेल. आपल्याकडे तांदळाच्या डब्यात पोरकिडे दिसले, तर आधी बेगमीचा विचार येतो.

एकाच किड्याचे दोन टोकांचे अर्थ बघायचे असतील तर वाळवीच घ्या. माळ्यावरच्या वाशाला लागली तर धास्ती. पण तीच वाळवी मातीचं वारूळ उभारते, आणि सिंधुदुर्गात, गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. वारूळ बांधते वाळवी, मुंग्या नि साप नंतरचे भाडेकरू. तिकडच्या माणसाला स्वप्नात वारूळ दिसलं, तर तो घाबरत नाही, नारळ घेऊन देवळात जातो, जमलं तर कौल लावतो, म्हणजे देवीलाच विचारतो. दुसऱ्या कुणाला तेच वारूळ नुसता मातीचा ढीग वाटेल, नाहीतर नागाचं घर. तेव्हा ‘वारूळ म्हणजे अमुक’ असं छातीठोक सांगणाऱ्याला विचारा, कुणाचं वारूळ?

मधमाशीचंही तसंच. मध काढणाऱ्याला ती मिळकत वाटते, आग्या मोहोळाखालून जीव घेऊन पळालेल्याला मरण. आंबेवाल्याच्या स्वप्नात ऐन मोहोरात तुडतुडे आले आणि माडवाल्याच्या स्वप्नात गेंड्या भुंगा आला, तर तो चक्क धंद्याचा घोर. काजव्यांनी पेटलेलं झाड बहुतेकांना सुखाचं वाटतं. फुलपाखराबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. कोळी, विंचू आणि मिरगाचा तांबडा मखमली किडा आठ पायांचे, म्हणून शास्त्राने ते कीटक नव्हेत. स्वप्नात पाय मोजत बसू नका.

एक गंभीर सूचना. पूर्ण जागेपणी, डोळे उघडे असताना भिंतीवर किंवा अंगावर किडे चालताना दिसत असतील, ताप असेल, किंवा रोज पिणाऱ्याने दोन-चार दिवसांपूर्वी दारू बंद केली असेल आणि तो हवेतून किडे वेचत असेल, तर वही नको, अंगारा नको. त्याच घडीला दवाखाना गाठा.

(वहीचं एक नमुना पान कॅमेऱ्याला दाखवत.)

हे पान बघा. वाळवी, अनेक. माळ्यावरचा वासा खात होती. मी खालून बघत उभा. भीती नाही, हुरहुर. पहाटे 5, रात्री पेज.

अंगाचं कारण नाही, अंथरुणाचं नाही. क्रियापद ‘खाणे’, आणि बघणारा नुसता उभा. घरातला जमिनीचा वाद, आजाऱ्याचं लांबलेलं दुखणं, काहीही असू शकतं. पण हे सगळं धरण्याआधी शिडी लावा. वाशावर पेचकसाच्या मुठीने टकटक करत जा. भरीव लाकूड टणक वाजतं, पोखरलेलं पोकळ. भिंतीवरून पेन्सिलीएवढी मातीची नळी वर गेलेली दिसते का बघा. दिसली तर मधेच बोटभर मोडून ठेवा आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा चढा. नळी परत बांधलेली असेल, तर त्या स्वप्नातली वाळवी म्हणजे वाळवीच.