बाबागाडी घेताय? आधी जिना बघा

नमस्कार मंडळी! घरात बाळ आलं की कोणीतरी विचारतंच, स्ट्रोलर घेतलं का? मग आईबाबा दुकानात जातात, तिथल्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच बाबागाड्या मस्त पळतात आणि आपण भुलतो. पण आपल्याकडं बाबागाडी ढकलावी लागते त्यापेक्षा उचलावी जास्त लागते हो! फूटपाथ मध्येच संपतो, त्यावर टू-व्हीलर लावलेल्या, जुन्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. दणकट गाडी 10-12 किलोची असते, त्यात आठ किलोचं बाळ आणि पिशवी, करा हिशोब. म्हणून दुकानात ढकलून बघू नका, बाळ कडेवर घेऊन एका हाताने गाडीची घडी घालून बघा, सेल्समन करून दाखवतो ते सोडा, तो दिवसभर तेच करतो.

छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी 1965 साली ओवेन मॅक्लेरन या इंग्रज माणसाने बनवली. विमानाचा इंजिनिअर होता, स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला, आणि नातीला घेऊन प्रवास करताना लेकीचे हाल बघून त्याने तीन किलोच्या आतली अॅल्युमिनियमची गाडी केली. रिक्षात, रेल्वेत सोबत न्यायला हा प्रकार बेस्ट. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा, चाकं बारकी असतात त्यामुळे पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात, आणि सीट बऱ्याचदा पूर्ण आडवी होत नाही. बाळाने मान धरली नसेल तर अशा गाडीत बसवायचंच नाही, पाठ सपाट टेकेल अशीच गाडी हवी. पहिले काही महिने तर मला वाटतं आपली आजीची मांडी पुरते, गाडीची घाई कशाला?

ज्यांच्या सोसायटीत आत चांगला रस्ता आहे, रोज संध्याकाळी फेरी होते, त्यांनी मोठ्या चाकांची घ्यावी खुशाल. पट्टा मात्र पाच ठिकाणी बांधणारा हवा, खांदे, कंबर आणि पायांमधून, आणि उभं राहिलं की ब्रेक लावायचाच, उतार दिसत नसला तरी. हँडलला भाजीची पिशवी लटकवली आणि बाळाला उचललं की गाडी मागच्या मागे उलटते.

उन्हाळ्यात आपल्या बायका टपावर ओढणी टाकतात, विदर्भात तर सर्रास. त्याने ऊन लागत नाही हे खरं, पण वारा अडतो आणि आत उकाडा वाढत जातो, बाळाला बोलता येत नाही. मोठा टप आणि मागे जाळीची खिडकी असलेली गाडी बघा, आणि दुपारी बाराच्या उन्हात फिरवूच नका.

ऑनलाइन मागवणार असाल तर मिटल्यावरची लांबी बघून घ्या, आणि तुमच्या कारच्या डिकीत सीएनजीची टाकी असेल तर उरलेली जागा टेपने मोजा, मगच ऑर्डर करा.