पाठीवरचा काटा

(दृश्य: तलावाची पाळ, सकाळ. टोपलीत ताजे मासे, शेजारी विळी.)

चंद्रपूर जिल्ह्यातला हा तलाव. ढिवर बांधवांनी नुकतंच जाळं ओढलंय. रोहू बिनधास्त हाताळता येतो, तिलापिया मात्र बोटाला टोचतो. "डोक्याकडून मागं हात फिरवजा," मावशी सांगतात, "उलटा फिरवला का घुसलाच काटा!"

हा काटा या मातीला नवा नाही.

(दृश्य: कपाशीचं शिवार.)

वरोरा तालुक्यातलं डोंगरगाव. साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा पसरायच्या सुमारास, इथं तळं होतं. तळाच्या बारीक गाळात मासे दबले आणि त्यांचा दगड झाला. 1908 साली ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. एकाचं नाव ठेवलं इओसेरॅनस हिस्लोपी. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांची ती आठवण. विदर्भातले दगड आणि जीवाश्म त्यांनी जिवापाड जमवले. 1863 साली टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ते पाण्यात बुडून गेले.

(दृश्य: इओसेरॅनसच्या सांगाड्याचं रेखाटन, पाठीच्या परावर जवळून.)

आता हा पर नीट पाहा. पराला ताणून धरणाऱ्या काड्यांना किरण म्हणतात. पुढचे किरण म्हणजे खरे काटे: एकसंध, टोकदार, हाडाचे. मागचे मऊ, बांबूसारखी पेरं असलेले, टोकाशी फाटे फुटलेले. काट्यांच्या बुडाशी आधाराची हाडं, तीही मणक्यांवरच्या उभ्या हाडांच्या मधे घट्ट रुतलेली. स्नायू आवळले की काटे ताठ उभे. गिळणाऱ्याच्या घशात हा घास सहज उतरत नाही. आणि गिळणारे होतेच. लांब जबड्याचा, चकाकत्या जाड खवल्यांचा 'गार' (gar) नावाचा मासा डोंगरगावच्याच खडकात सापडलाय. आज गार भारतात कुठेच नाही, तो अमेरिकेकडच्या नद्यांत उरलाय.

मांगुरालाही कल्ल्यामागच्या परात काटा असतो, तोही झोंबतो. पण तो मऊ किरणच टणक होऊन बनलेला. टोचला म्हणून नातं जुळत नाही, रचना बघावी लागते. तिलापियाही आफ्रिकेतून आणलेला, इओसेरॅनसचा थेट वंशज नव्हे. तरी त्याच्या पाठीवर तीच मांडणी आहे: पुढे काटे, मागे मऊ किरण. काटेरी पराच्या माशांचा आज जगभर पसरलेला गोतावळा सुरुवातीला कसा होता, हे शोधणारे अभ्यासक म्हणून पुन्हा डोंगरगावच्या दगडाकडे वळले.

(दृश्य: मावशींचे हात.)

मावशी परच छाटून टाकतात. सुटा काटा पाळीवरच्या ओल्या चिखलात पडतो, टोक वर करून.